फुगीर ओंडका

पन्नाशीनंतर लग्न केलेले आम्ही दोघं आंबोलीजवळच्या शिबिरात ओंडक्यांचं घर बांधायला शिकत होतो. आमच्या भिंतीतला खालचा ओंडका मध्येच फुगीर होता.

"तासून सपाट करू का?" सुधीरने विचारलं.

"नको," शिकवणाऱ्या विमलताई म्हणाल्या, "तो आहे तसा राहू दे. वरच्यात त्याच्या आकाराची खोबण करा."

दुपारभर आम्ही वरचा ओंडका कोरत होतो, ठेवून पाहत होतो, पुन्हा उचलत होतो. शेवटी तो असा बसला की मधून उजेडही दिसेना.

सुधीरच्या पहिल्या बायकोचा, तिच्या आजारपणाचा विषय निघाला की मी नेहमी तो बदलायचे. त्या संध्याकाळी चहा घेताना मीच विचारलं, "तिला चहा कसा आवडायचा?"

"आलं घालून," तो म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ तिच्याबद्दल बोलत राहिला.