धसईच्या भातात माझी पीएचडी

श्रावणात मुरबाडकडे जाणार असाल तर पांढरी सलवार घालू नका. गेल्या वर्षी, म्हणजे २००७ साली, मी ती घालून गेले आणि तिथे ती कायमची मातकट झाली. तरी माझं जे बाकीचं नुकसान झालं, त्यापुढे सलवार काहीच नाही.

मी भातातलं तण ओळखून उपटणारा यंत्रमानव बनवते. त्यावरच माझी पीएचडी चालू आहे. यंत्रमानव म्हटल्यावर लोकांना हातपाय दिसायला लागतात, म्हणून आधीच सांगते: चार चाकं, एक कॅमेरा आणि एक चिमटा. तो अजून प्रयोगशाळेच्या फरशीच्या पलीकडे गेलेला नाही. त्याचा मेंदू मात्र मी दोन वर्षं खपून तयार केला होता. इकडून तिकडून जमवलेले शेकडो फोटो दाखवून त्याला हे भात, हे गवत असं शिकवलं, आणि शंभरातले नव्वदच्या वर फोटो तो बरोबर ओळखायचा. सोमवारी समितीपुढे सादरीकरण होतं. चार ताजे फोटो जोडावेत म्हणून मी शुक्रवारी निघाले. माझी खोलीतली मैत्रीण नंदा धसईची. ती म्हणाली, ताराकाकूकडे जा, बेणणी चालू असेल. बेणणी म्हणजे भातातलं तण काढणं.

कल्याणहून मुरबाडची एसटी सहज मिळते. सुट्टे पैसे ठेवा, कंडक्टर त्या बाबतीत फार हळवे असतात. मुरबाडला धसईची गाडी कधी सुटणार ते फलकावर नसतं, कंट्रोलरच्या खिडकीशी उभं राहून विचारावं लागतं. तीन जणांनी तीन वेळा सांगितल्या आणि गाडी चौथ्याच वेळी आली. वाटेत दोन्ही बाजूंना भातच भात होतं. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन मी त्याच्याकडे मालकिणीच्या नजरेनं बघत होते. धसईच्या बाजारात करटुली दिसली तर घ्याच.

ताराकाकू नंदाची चुलती. पन्नाशीची बाई, बोलणं कमी आणि हात चालू. वीज गेली होती, पण लॅपटॉपमध्ये अजून जीव होता. दुपारी ओट्यावर बसून मी त्यांना माझं काम दाखवलं. भाताभोवती हिरवी चौकट, गवताभोवती लाल. काकूंनी हात पुसले, जवळ येऊन पाच-सहा फोटो नीट पाहिले, आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

"गो, तुझं यंत्र आमचं भात उपटंल न् गवत राखंल."

मी त्यांना समजावलं. यंत्र शंभरात नव्वदच्या वर बरोबर येतं, हे गणितानं सिद्ध झालंय वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"पन त्याला शिकवला कोनी?"

"मी."

त्यांनी मला जेवायला बसवलं. माझ्या ताटात आणखी एक तांदळाची भाकरी वाढली आणि करटुल्याची भाजी पुढे सरकवली. जेवण इतकं चांगलं होतं की अपमान निम्मा पचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलवार खोचून चिखलात उतरले. काकूंनी दहा रोपं दाखवली आणि ओळखायला सांगितली. हॉस्टेलमध्ये बसून मी जो नियम लावला होता तोच इथे लावला: जे जोमदार आणि हिरवंगार ते भात, जे किरकोळ ते गवत. मी पडले शहरातली, भात आजवर ताटातच पाहिलेला. दहातली चार चुकली. काकू म्हणाल्या, गवत नेहमीच जोरात असतं, त्याला कोण खातंय. मग त्यांनी माझा अंगठा धरून एका रोपाच्या पात्याच्या बुडाशी, जिथे ते काडीला चिकटतं तिथे, फिरवला. बारीक लव लागली, ते भात. शेजारच्या रोपाला तिथे काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत, ते गवत.

"डोळ्यांनी समदं नाय कळत. आमी आंगठ्यानी बगतो."

यंत्र बिचारं चुकत नव्हतं. मी त्याला माझं अज्ञान शिकवलं होतं आणि ते नव्वदच्या वर गुण मिळवून शिकलं होतं. मी काकूंना म्हटलं, जुने फोटो तुम्ही तपासून द्याल का? त्या म्हणाल्या, "फोटोला आंगठा लावून काय कळनार?" म्हणजे फोटो नव्यानं काढायचे, तेही शेतात, आणि बेणणी तर संपत आली होती. एक वर्ष हातचं गेलं.

परतताना मुरबाडहून शहापूरची गाडी धरली. शहापूरच्या बाजारात दोन चहा घेतले तरी डोक्यातलं जाईना. समितीतल्या कुणालाच भात ओळखता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. मग आटगावला गेले आणि फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसले. समोर रुळांपलीकडे भात होतं. त्यातलं भात कुठलं ते मला सांगता येईना, आणि मला लाज वाटली.

सोमवारी मी सगळं सांगून टाकलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं की त्या बाई पुढच्या वर्षी वेळ देतील का.

काकूंनी वेळ दिला. यंदाच्या श्रावणात आम्ही आठ दिवस शेतात होतो. त्या रोपाला अंगठा लावायच्या, भात निघालं तर पातं धरून ठेवायच्या, आणि मी फोटो काढायची. गवत निघालं तर सोडून द्यायच्या, मी त्याचाही फोटो काढायची. परत येऊन यंत्राला शिकवलं तर शंभरातले शंभर बरोबर. मी आनंदानं नंदाला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. भाताच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात काकूंचा अंगठा आला होता. यंत्रानं भात शिकायचा त्रासच घेतला नव्हता. अंगठा दिसला की ते म्हणत होतं, भात.

आता मी एकेका फोटोतून अंगठा कापून काढतेय, आणि पीएचडी आणखी लांबलीय. पण यंत्रावर रागावता येत नाही. दोन वर्षं त्यानं माझं ऐकलं, आणि पहिली संधी मिळताच काकूंचं ऐकायला लागलं. एक फोटो मात्र मी कापलेला नाही. तो टेबलासमोर भिंतीवर लावलाय.