दादांचा चेहरा मोठा करून घेतला तेव्हा

आईच्या अल्बममध्ये दादांचे सतरा फोटो होते. आज एकही नाही, आणि ते माझ्यामुळं. नदीमुळं नाही, माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कॉलेजच्या भाषेत काही बोलू लागले तर तुम्ही भुलणार नाही.

दादा म्हणजे माझे वडील. फौजेत होते. मी नऊ वर्षांची असताना सुट्टीवर आले आणि कोरेगावहून गावाकडं मोटारसायकलवर येताना अपघातात गेले. आई तेव्हा तिशीचीही नव्हती. तिनं मला शिकवलं, मी फिजिक्स घेतलं, सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि लग्नानंतर तिथंच घर केलं. आई गावातच राहिली. दुपारची भांडी झाली की ती अल्बम मांडीवर घेऊन बसायची आणि दादांशी बोलायची. रडणं वगैरे काही नाही, साध्या गप्पा. "आज आल्याच्या रानाला पाणी दिलं. तुमची लेक फोन उचलंना झालीया." असलं काहीबाही.

फोटो पिवळे पडायला लागले होते. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! म्हटलं, कॉलेजात चांगला स्कॅनर आहे, सगळे कॉम्प्युटरवर घेते, रंग सुधारते, मग शंभर वर्षं काळजी नाही. आई द्यायला तयार नव्हती. "हाय तसं हाय की. ऱ्हाऊ दे." मी तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि अल्बम पिशवीत घातला. सांगलीच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. पेपर तपासून झाले की करू, ॲडमिशनची गडबड संपली की करू. तेवढ्यात पुराचं पाणी आलं. घर सोडताना मी लॅपटॉप घेतला, डिग्र्यांची फाईल घेतली, मिक्सरसुद्धा माळ्यावर टाकला. अल्बम कपाटात राहिला.

परत आलो तेव्हा पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. सोडवायला गेले तर चेहरेच निघून आले. शालू दिसत होता, मुंडावळ्या दिसत होत्या आणि मधे पांढरे डाग. आईला कसं सांगितलं ते आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमी माणसं सुखरूप हायसा न्हवं?" ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

उरलं काय, तर पत्र्याच्या ट्रंकेतल्या दोन गोष्टी. पेन्शनच्या कागदावरचा फोटो, त्यावर कुणा साहेबानं शिक्का बरोबर तोंडावर हाणलेला. आणि पलटणीचा ग्रुप फोटो. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवे ते दादा. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, त्यात अर्ध्यावर टोपीची सावली. आई बोट ठेवून दाखवायची, "ह्ये बघ," आणि तिच्या बोटाखाली दादांसकट शेजारचे दोघंही झाकले जायचे.

तो फोटो घेऊन मी कोरेगावात एका स्टुडिओत गेले. आता गंमत ऐका. मी वर्गात दरवर्षी शिकवते की जे फिल्मवर उतरलंच नाही, ते कितीही मोठं केलं तरी दिसणार नाही. क्षीण आवाज वाढवला की त्याच्यासोबत खरखरही वाढते. त्यावर पोरांना हमखास प्रश्न घालते आणि चुकलं की मार्क कापते. आणि तीच बाई काउंटरवर हात टेकून म्हणत होती, "काहीही करा, पण चेहरा स्पष्ट करून द्या."

"मॅडम, आता कॉम्प्युटर सगळं करतोय," स्टुडिओवाला म्हणाला. "सूट घालू का? टाय लावू?" आमच्याकडं गेलेल्या माणसाला फोटोत सूट घालायची पद्धतच पडली आहे. जन्मभर धोतरात राहिलेला म्हातारा भिंतीवर टाय लावून बसतो. मी म्हटलं, वर्दीच राहू द्या. त्यानं पहिल्यांदा जो चेहरा काढून दाखवला तो कुठल्याशा सिनेमातला हिरो होता. गोरापान, गुळगुळीत. मी भडकले. बरंच बोलले त्याला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोटूत तोंड असंल तर मी काढणार न्हवं? हितं नुसतं ठिपकं हायती. घरात त्यांच्यावाणी दिसणारं कोण हाय का? त्यास्नी घिऊन या. त्यांच्यावरनं कॉम्प्युटर जुळवून घेतोय."

होते ना, आबा. आबा म्हणजे दादांचे थोरले भाऊ, आमच्या शेजारच्याच घरात राहतात. दोघं भाऊ एका साच्यातले, असं सगळा गाव म्हणायचा. आबा आता सत्तरीच्या पुढं गेलेत. मी भीत भीत विचारलं तर उठून रानात निघून गेले. मला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, मिशांना कलप लावून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. "चल पोरी. माज्या तोंडावरनं त्यो हुबा ऱ्हात असंल तर दिसभर बसतो की." स्टुडिओत स्टुलावर ताठ बसले. फ्लॅश पडला तेव्हा नेमके डोळे पुसत होते, म्हणून दुसरा काढावा लागला.

आठवड्यानं फोटो आला. कॉम्प्युटरनं आबांच्या तोंडावरची चाळीस वर्षं पुसली होती, डोक्यावर टोपी चढवली होती, अंगात वर्दी घातली होती. बघितला आणि अंगावर काटाच आला. अगं बाई, दादा! घरात जो तो म्हणाला, डिट्टो. आईनं पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाली, "चांगला झालाय." बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला, हार घातला, आबांनी स्वतः खिळा ठोकला. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात एन्हान्समेंट या विषयावर तीन विभागांनी मिळून चर्चासत्र घ्यायचं ठरलं. फिजिक्स, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान. तिघांच्यात एका मराठी शब्दावर एकमत होईना. मी म्हणे वर्धन, मानसशास्त्राच्या मॅडम म्हणत क्षमतावाढ, आणि तत्त्वज्ञानाचे सर म्हणत, आधी वाढ म्हणजे काय ते ठरवू. महिनाभर हेच. शेवटी पत्रिकेवर इंग्रजी शब्दच देवनागरीत छापला.

माझ्या भाषणात मी दादांचा फोटो पडद्यावर लावला. आधी ज्वारीचा दाणा, मग मोठे केलेले ठिपके, मग स्टुडिओतला. म्हटलं, बघा, तिसऱ्या चित्रातली माहिती पहिल्यातून आलेली नाही, ती माझ्या चुलत्यांच्या चेहऱ्यावरून आलेली आहे. यंत्रानं वाढवलं नाही, दुसरीकडून आणून भरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मानसशास्त्राच्या मॅडम नंतर बोलल्या. माणूस आठवण दरवेळी बाहेर काढतो आणि परत ठेवताना ती थोडी बदलून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. समोर ठसठशीत काही असलं तर अंधुक असतं ते मागं सरतं. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. सरांनी शेवटी मला विचारलं, "मॅडम, पण भिंतीवर कोण आहे? वडील की चुलते?" मी म्हटलं, "सर, चहा गार होतोय." सगळे हसले. मी पण हसले. मला सगळं माहीत होतं हो, पहिल्यापासून शेवटापर्यंत माहीत होतं. माहीत असून काय उपयोग झाला, ते आता सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आठवडाभर राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की बाहेरच्या खोलीत पाऊल टाकताना आई डोक्यावर पदर ओढून घेते आणि आत आली की खाली सोडते. आधी वाटलं, गेलेल्या माणसाचा मान. पण अल्बम घेऊन बसायची तेव्हा तिनं कधी पदर घेतला नव्हता. पाय पसरून, केस मोकळे सोडून बसायची. आणि आता तर ती त्या खोलीत बसतच नव्हती. भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून निघून जायची. दुपारी मागच्या अंगणात जाऊन बसायची, गप्प. दादांशी बोलणं बंद झालं होतं.

संध्याकाळी आबा रानातून आले आणि दारात उभे राहिले. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंबऱ्यावर थबकली, दोन बोटांनी पदर पुढं ओढला, मान खाली घातली. तोच हात, तीच लगबग. थोरल्या दिरासमोर आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका उघड्या डोक्यानं येत नाहीत, समोर बसत नाहीत, डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत. एवढ्या वर्षांत आई आबांकडं सरळ बघून बोललेली मी पाहिलेली नाही. मी वळून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात मटकी निवडत होती. मी शेजारी बसले. विचारू की नको करत विचारलं, "आई, तो फोटो तुला दादांचा वाटत नाही का?"

तिचा हात थांबला नाही. "सगळी म्हंत्यात त्येंचाच हाय."

"तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणू?" मग ताटातच बघत, "भावजी हायत त्ये. पयल्या दिवशीच वळाकलं मी. तू एवढं हौसंनं केलंवतंस, भावजी लेकरावाणी खूश झालंवतं. कसं बोलू?"

"अगं, मग सांगायचं नाही का मला!" मी ओरडलेच. स्वतःची चूक असली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड.

"हळू बोल," ती म्हणाली. "फोटूचं काय न्हाई गं. पर आता डोळं मिटलं तरी त्येच येत्यात. ह्येंचा हात आठवतोय. टाचंला भेग हुती, ती आठवती. हसायचा आवाज आठवतोय. तोंडाच्या जागी भावजी." तिनं तोंडावर पदर धरला. "ह्या वयात लय लाज वाटती बाय. कुनाला सांगू?"

मला रडू फुटलं. सांगते ना, हुंदके देऊन रडले. पुराच्या पाण्यानं कागदावरचे दादा नेले होते. आईच्या डोक्यातले शिल्लक होते, ते मी नेले. मी उठले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढते तो फोटो, नको तो घरात.

खोलीच्या दारापर्यंत गेले तर आबा आत उभे. पायताण बाहेर काढून, हातातली टोपी चुरगाळत फोटोसमोर उभे होते. "काय रं गड्या, बरं हाय न्हवं?" ते फोटोला म्हणत होते. "तुज्या वाटणीच्या रानात औंदा आलं लय झ्याक आलंया. बघाय पायजे हुतास." मग हातानं काचेवरची धूळ पुसली. मी मागच्या मागं अंगणात आले.

"रोज येत्यात," आई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. त्येंस्नी भाऊ गावलाय. काढू नगं."

मी मटकीच्या ताटाशी बसून राहिले. काढला तर आबांचा भाऊ जाणार होता, ठेवला तर आईचा नवरा. एवढी शिकले, पण त्या अंगणात मला काहीही करता येईना.

आबा गेल्याची चाहूल लागली. आईनं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडं वळून बसली. तिचा चेहरा एकदम आशेनं भरलेला. "तू नऊ वर्साची हुतीस की तवा. तुजं डोस्कं पयल्यापासनं हुशार. तुला आठवत असंल. सांग की, कसं दिसायचं त्ये?"

मी डोळे पुसले आणि मिटले. "कपाळ मोठं होतं," मी म्हटलं. "भुवया जाड, मधे जुळत आलेल्या. नाक सरळ, टोकाला जरा बसकं. हनुवटीला खळी होती."

आई हनुवटीखाली हात धरून ऐकत होती.

"ह्ये भावजींचं झालं गं," ती म्हणाली. "त्येंचं सांग."

मी डोळे तसेच मिटून बसले. मिटल्या डोळ्यांपुढं भिंतीवरचाच चेहरा होता.