फाटकावरची पाटी

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात जीपच्या कारखान्यात लेनर्ड द्राबिक रंगारी होता. मालक बदलला की फाटकावरच्या पाटीवर नवं नाव लिहायचं काम त्याचंच. आधी कैसर कंपनीचं नाव त्यानं रंगवलं, मग अमेरिकन मोटर्सचं. १९८७ साली क्रायसलरनं कारखाना घेतला, तेव्हा मी त्याची शिडी धरून उभा होतो.

"लेनी, आता तरी खडूनं लिही बाबा," मी म्हटलं. "पुसायला बरं पडेल."

"तू शिडी धर, अक्कल नको पाजळूस."

जुन्या रंगाचे पोपडे निघत होते, म्हणून तो पाटी खरवडत होता. थर निघत गेले आणि सगळ्यांत खाली 'विलीज' हे कैसरच्याही आधीच्या मालकाचं नाव दिसलं. लेनर्डचा हात थांबला.

"काय झालं रे?"

"हे आमच्या बाबांचं अक्षर आहे."

त्याचे वडीलही इथेच रंगारी होते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. लेनर्ड त्या अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग खरवडणी त्यानं खिशात टाकली आणि आहे त्यावरच पांढऱ्या रंगाचा हात दिला. दुसऱ्या दिवशी क्रायसलर लिहून झालं.

खाली उतरल्यावर म्हणाला, "राहू देत आमचे बाबा आत. नव्या मालकाला सोबत होईल."