नाव दाजींचं, रक्त दामूचं

माझे सासरे सुभेदार धोंडीराम यांना निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टला होती. मुलगा इंद्रजित नोएडात नोकरीला लागला, तेव्हा ते गावी न जाता आमच्याकडे नवव्या मजल्यावर तैनात झाले. दर एक एप्रिलला ते स्वतःची वैद्यकीय तपासणी स्वतःच घेतात. वजन करतात, पंचवीस बैठका मारतात आणि डायरीत लिहितात, ‘श्रेणी : शेप-एक.’ फौजेत शेप-एक म्हणजे ज्याच्या अंगात काही खोट नाही असा जवान. श्रेणी घसरली की बढती गेली, ही धास्ती त्यांच्या मनात इतकी मुरली आहे, की सहासष्टाव्या वर्षीही कुणीतरी आपली बढती अडवेल असं त्यांना वाटतं.

गेल्या वर्षापासून मात्र हा शेप-एकचा जवान दर तासाला बाथरूमकडे कूच करू लागला. करोल बागेला जायचं तर कोणत्या मेट्रो स्टेशनवर सोय कोणत्या बाजूला आहे, याचा नकाशा आधी काढायचे. शेवटी मीच त्यांना डॉक्टर सोनमकडे नेलं. तिने तीन दिवस किती पाणी पिता आणि किती वेळा जाता ते लिहायला सांगितलं. यांनी चक्क रजिस्टर उघडलं : प्रस्थान, आगमन, कामाचे स्वरूप, साक्षीदार. साक्षीदाराच्या रकान्यात मी सही करावी असा आग्रह होता. मी टीव्हीच्या ऑफिसात बातम्या लिहिणारी शिकलेली बाई आहे, सासऱ्यांच्या लघवीवर सही करणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी सोसायटीच्या वॉचमनकडून सह्या आणल्या.

रजिस्टर बघून डॉक्टर हसली नाही, हे तिचं मोठेपण. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी, तिच्या मधून लघवीची नळी जाते, वयानुसार ती वाढते आणि नळी दाबते, हे तिने समजावलं. अशी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण तिथे कॅन्सर झालाच तर सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास होत नाही, म्हणून पीएसए ही रक्ताची चाचणी करू आणि मागच्या वाटेने बोट घालून ग्रंथीही तपासू, असं ती म्हणाली. बोटाचं नाव निघताच सुभेदार खुर्चीतल्या खुर्चीत सावधान झाले. आधी रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, असं सांगून त्यांनी माघार घेतली.

रक्त घ्यायला लॅबची बाई रविवारी सकाळी घरी आली. सासूबाई भाजीला गेल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेर काय घडलं ते मला नंतर कळलं.

सासूबाईंचे धाकटे भाऊ दामूमामा त्या दिवशी आले होते. वय छप्पन्न, करोल बागेत गाड्यांची सीट कव्हरं शिवण्यात पंचवीस वर्षं गेलेली. रोज पाच किलोमीटर चालणार, आणि डॉक्टरची पायरी कधी चढलो नाही हे प्रत्येक लग्नात सांगणार. सासऱ्यांनी तरुणपणी एका मित्राचा नंबर स्वतःच्या छातीला लावून त्याची धावण्याची परीक्षा पास करून दिली होती. तेव्हापासून त्यांची पक्की समजूत, की परीक्षा नंबराची असते, माणसाची नसते. त्यांनी दामूमामांना खुर्चीत बसवलं. बाईने नाव विचारलं, दामूमामांनी ‘धोंडीराम’ सांगितलं आणि बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर रिपोर्ट आला. जो आकडा चारच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, तो चौदा होता. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. सासूबाई नवस बोलल्या, इंद्रजितने तीन हॉस्पिटलांना फोन केले. सासरे मात्र शांत होते. मला त्यांच्या धीराचा अभिमान वाटला, ऑफिसात मी चौघींना तसं सांगितलंसुद्धा. आता ते आठवलं की मला माझाच राग येतो.

त्या संध्याकाळी त्यांनी दामूमामांना बोलावून बाल्कनीत नेलं आणि रिपोर्ट दाखवला. दामूमामांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

“दाजी, रक्त माझं असेल, पण कागदावर नाव कुणाचं? ज्याच्या नावाचा रिपोर्ट, त्याचा आजार.”

सगळा जन्म कागदावर काढलेल्या माणसाला हा मुद्दा पटला. निदान खोडता तरी आला नाही. दुसऱ्या दिवशी दामूमामा डाळिंबं घेऊन आजाऱ्याला भेटायला आले आणि घाबरू नका म्हणाले. सासऱ्यांनी आभार मानले. चार दिवस हे असंच चाललं. ते खिचडी खायचे, कुणी भेटायला आलं की चादर ओढून आडवे व्हायचे. पण दामूमामा समोर बसून डाळिंब खात असले, की सासरे त्यांच्याकडे टक लावून बघत राहायचे आणि त्यांचा स्वतःचा घास हातातच राहायचा. खिचडीला वैतागलेत, एवढाच अर्थ मी काढला होता.

डॉक्टरने सासऱ्यांचं रक्त पुन्हा तपासलं, या वेळी हॉस्पिटलात आणि तिच्यासमोर. बोटाची तपासणीही झाली. आत जाताना त्यांनी तिला सॅल्यूट ठोकला, बाहेर आले ते जरा जपून चालत. ग्रंथी मोठी झालेली, पण मऊ आणि गुळगुळीत होती. नवा आकडा आला दोन.

डॉक्टरने जुना रिपोर्ट बाजूला सारला. “चलिए बाबूजी, सैंपल बदल गया होगा कहीं. इसे भूल जाइए.”

सासूबाईंनी तिथेच हात जोडले. इंद्रजितने दार उघडलं. सासऱ्यांनी फक्त बाहेर पडायचा अवकाश होता. शेप-एक शाबूत राहिलं असतं, लबाडी कधीच कुणाला कळली नसती, आणि दामूमामा पुढच्या लग्नातही डॉक्टरची पायरी न चढल्याचं सांगत राहिले असते, जमेल तितके दिवस. सासरे दारातून मागे फिरले.

“बदल नहीं गया मैडम, मैंने बदलवाया. वो खून मेरे साले का है. उसे बुलाना पड़ेगा.”

सासूबाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या.

“चार दिवस तुम्ही माझ्या भावाचा आजार पांघरून खिचडी खात होता?”

मला सासऱ्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना मिठी मारावीशीही वाटली. डॉक्टरने आधी त्यांना झापलं, मग आम्हाला धीर दिला. वाढलेला आकडा म्हणजे कॅन्सरच असं नाही, सूज किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो, पण शोध घ्यायलाच हवा. सासरे तसेच मेट्रोने करोल बागेत गेले. वाटेत कोणत्या स्टेशनवर सोय आहे, हे त्या दिवशी त्यांनी पाहिलं नाही.

दामूमामांनी आजार तुमच्याच नावाचा आहे म्हणून तासभर हुज्जत घातली. शेवटी स्वतःच्या नावाने रक्त दिलं. आकडा पुन्हा चौदा आला. स्वतःचं नाव कागदावर वाचून ते दुकानातल्या रेक्झिनच्या गुंडाळीवर मटकन बसले. मग एमआरआय झाला, त्यात डाग दिसला, आणि त्याचा तुकडा काढून तपासायचं ठरलं. पुढे त्यात कॅन्सर निघाला. पण तो ग्रंथीच्या आतच होता, ऑपरेशन झालं, आणि दामूमामा आज पुन्हा शिवणयंत्रावर बसतात. त्यांच्या मुलाला, यतीनला, पंचेचाळिशीतच चाचणीबद्दल विचार असं डॉक्टरने बजावलं आहे. सासरे प्रोस्टेटसाठी रोज एक गोळी घेतात. डायरीत यंदा त्यांनी श्रेणीची जागा कोरी ठेवली.

मला मात्र तुकडा काढायचा तो दिवस आठवतो. नर्सने दामूमामांचं नाव पुकारलं. दामूमामा जागचे हलेनात. त्यांनी सासऱ्यांचा हात धरला.

“दाजी, या वेळी तुम्ही जा ना.”

ते थट्टा करत नव्हते. आणि सासरे, देवाशपथ सांगते, उठले. त्यांनी बूट काढले, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि नर्ससमोर सावधान उभे राहिले. ती गोंधळून एकदा कागद बघे, एकदा यांना. ते बघून दामूमामांना हसू आलं, हसता हसता डोळे भरले. त्यांनी सासऱ्यांना खांद्याला धरून परत बाकावर बसवलं आणि आत गेले.

तेव्हा सासऱ्यांची गोळी सुरू व्हायची होती. ते दीड तास त्या बाकावरून उठले नाहीत. पाय आवळले, घाम फुटला, मी दोनदा म्हटलं, आबा, जाऊन या, मी आहे इथे. ते मान हलवत राहिले. दामू बाहेर आला आणि मी दिसलो नाही तर, एवढंच म्हणाले.

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून दामूमामा बाहेर आले, त्यांनी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

“दाजी, जा आता,” ते म्हणाले. “मी आहे इथे.”