बोल्टावरची लाल खूण

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. जेवताना पाय हलतो, बातम्या ऐकताना बोटं टेबलावर वाजतात, पाहुणे आले की पाचव्या मिनिटाला हे त्यांच्या गाडीखाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण ह्यांना सलग अर्धा तास खुर्चीत बसलेलं मी पाहिलेलं नाही. फक्त कुरकुरणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं की हाच माणूस गप्पगार होतो. दोन बोटांनी चाक डावीकडे, मग उजवीकडे, कान बॉनेटकडे. बाकी कामं इतर गॅरेजवाले करतात. स्टिअरिंगचं दुखणं असलं की सगळे आमच्या घराखालच्या गॅरेजात धाडतात. म्हणून ह्यांचं नावच पडलंय, स्टिअरिंगवाले.

गणिताच्या बाईंची गाडी अशीच आली. चाक जड झालेलं, वळवलं की पुढून कण्हल्यासारखा आवाज. बाईंना दोन गॅरेजवाल्यांनी स्टिअरिंगचा पंप बदलायला सांगितलं होतं. ह्यांनी तेलाच्या डबीचं झाकण उघडलं, आत फेस. पंप धडधाकट आहे, तेल कमी पडल्यामुळे हवा ओढतोय, असं हे म्हणाले आणि तेल जातंय कुठे ते शोधायला गाडीखाली शिरले. पुढची चाकं वळवणारी लांब रॅक दोन्ही टोकांना गळत होती. ती उतरवून सील बदलायचे म्हणजे ड्रायव्हरच्या पायांपाशी, पेडलांच्या वर जो सांधा असतो, तो सोडवावा लागतो. स्टिअरिंगचं चाक आणि रॅक यांची गाठ तिथे एका बोल्टावर असते.

ह्यांची एक पद्धत आहे. बोल्ट आवळला की लगेच बोल्टावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ, म्हणजे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्या नखांना उभ्या जन्मात लागलं नसेल इतकं नेलपॉलिश ह्यांनी गाड्यांना लावलंय. आणि आवळण्यापासून रेघ ओढेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. हा नियम मला सोडून सगळे पाळतात.

शनिवारी दुपारी सगळं बसवून झालं, रेघही ओढली. फेरी मारून पाहिली तर सरळ रस्त्यावर चाक किंचित तिरकं. म्हणजे सांधा एक दाता चुकून बसला होता. ह्यांनी तो पुन्हा सोडला, सरळ केला. डोकं पेडलांखाली, पाय दाराबाहेर. नेमकी तेव्हाच मी जिन्यातून ओरडले, की टाकी भरून वाहतेय, घर बुडाल्यावर बाहेर येणार आहात का? हे निमूटपणे उठले, वर जाऊन मोटर बंद केली. खाली येतात तोवर बाई दारात उभ्या. ह्यांनी किल्ली दिली, गाडी गेली.

रविवारी सकाळी ह्यांची घालमेल काही वेगळीच होती. चहा निवून गेला. एकदा जिना उतरले, एकदा चढले. नेलपॉलिशची बाटली उन्हात धरून पाहिली. मी म्हटलं, कुणाला नटवायला निघालात? हे हसले नाहीत.

"अगं," म्हणाले, "काल तू हाक मारलीस, तेव्हा मी बोल्ट आवळला होता, की आवळायचा होता?"

 खूण केली होती ना, असं मी विचारलं. पहिल्यांदा केली होती, म्हणाले. दुसऱ्यांदाचं काही केल्या आठवत नव्हतं.

बाई त्याच सकाळी दोन मुलांना घेऊन डोंगरापलीकडे माहेरी निघणार होत्या. आम्हा दोघांनाही सांगून गेल्या होत्या. सांधा निसटला तर चाक हातात नुसतं फिरतं, गाडी वळत नाही, आणि त्या रस्त्याला एकामागून एक वळणं. बाईंना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना बाई फोन घेत नाहीत, चांगली सवय, पण त्या दिवशी मला त्या सवयीचा संताप आला.

ह्यांनी पाना आणि नेलपॉलिशची बाटली खिशात घातली, मी मागे बसले, स्कूटर सुटली. वाटेत मी टाकीला शिव्या दिल्या, मोटरीला दिल्या, शेवटी स्वतःला. ह्यांनी फक्त स्कूटरचा वेग वाढवला, त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

चढाच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपावर ती गाडी उभी होती. मुलं मागच्या सीटवर बिस्किटांवरून भांडत होती, बाई टाकीचं झाकण लावत होत्या. ह्यांनी काही न सांगता दार उघडलं आणि धुतलेल्या शर्टानिशी पेडलांखाली डोकं घातलं. पाना अजून खिशातच होता. मी वाकून पाहिलं. बोल्ट ह्यांच्या दोन बोटांत फिरत होता. लाल रेघ दुभंगून अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

मग पाना काढून त्यांनी बोल्ट आवळला, नवी रेघ ओढली, आणि बाहेर येऊन उभे राहिले.

"बाई, हा बोल्ट सैल राहिला होता. चूक माझी."

मी मध्ये पडले, मीच हाक मारली म्हणून. ह्यांनी हातानेच मला थांबवलं. बाईंनी मागे मुलांकडे पाहिलं.  ओरडल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी किल्ली ह्यांच्यासमोर धरली.

"काका, मग चढ तुम्हीच चालवा. मी मुलांजवळ मागे बसते."

स्कूटर पंपावर ठेवली. हे चाकामागे, मी शेजारी. पहिल्या वळणाला माझा जीव मुठीत. गाडी लोण्यासारखी वळली. दुसऱ्या वळणाला मागून मुलाने काहीतरी विचारलं, बाईंनी त्याला गप्प केलं. ह्यांचा पाय हलत नव्हता, बोटं वाजत नव्हती. माझ्या जिभेवर शंभर गोष्टी येत होत्या: माफी मागायची होती, टाकीला गजर बसवू म्हणायचं होतं, शर्टावरचा डाग दाखवायचा होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. अडतीस वर्षांत इतका वेळ मी कधी गप्प राहिले नव्हते.

वर सपाटीला गाडी थांबवून ह्यांनी किल्ली मागे दिली. मग माझ्याकडे वळले.

"आता बोल," म्हणाले.

आणि मला रडूच फुटलं.