चौकटीबाहेर गेलेली ओळ

विनायकराव गायधनी कोणताही मजकूर खालून वर वाचत. वीजबिल, हॉटेलातलं मेनूकार्ड, लग्नपत्रिका, काहीही. पत्रिका हातात आली की 'आपले नम्र'पासून सुरुवात आणि गणपतीशी शेवट. पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरात जन्मलेला माणूस गणपतीला शेवटी ठेवतो, म्हणून आम्ही चेष्टा करायचो. ते म्हणायचे, "गणपती कुठे जातोय? तो वरच बसलाय. पडते ती खालची ओळ. तिला आधी बघा."

नव्वदीच्या दशकात नाशकातल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही एकत्र होतो. द्राक्षबागांवर फवारायच्या औषधांची लेबलं तिथे तयार होत. गायधनी कॉम्प्युटरवर मजकूर बसवत. कामं वाटणं, प्रुफं तपासून घेणं आणि फाइली वेळेत प्रेसला पोचवणं माझ्याकडे.

लेबल बाटलीएवढं, आणि बाटली काही वाढत नाही. तेवढ्याच जागेत औषधाचं नाव, द्राक्षाचा घड, प्रमाण, सूचना. सगळ्यात खाली एक चौकट, आणि तिच्या शेवटच्या ओळीत विषबाधा झाली तर डॉक्टरांनी द्यायचा उतारा. बागेत कोणी भोवळ येऊन पडला, की त्याच्याबरोबर बाटलीही दवाखान्यात नेतात. डॉक्टर आधी बाटली बघतो.

कंपनीचे लोक दर हंगामात मजकूर वाढवून आणत. "सर, अक्षर जरा बारीक करा ना, बसेल."

"बसेल हो. वाचणार कोण? मुंगी?"

मग गायधनी स्वतःच पेन घेऊन वाक्यं कापत. 'सदर औषध हाताळतेवेळी हातमोजे परिधान करण्यात यावेत' याचं 'हातमोजे घाला' होई. नव्या मुलीने एकदा ओळ जागेत बसवायला अक्षरं आडवी आवळली. गायधनींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, ही अक्षरं आहेत की जत्रेच्या एसटीतली माणसं? श्वास घेऊ दे त्यांना. अक्षर दाबायचं नाही, आपलं बोलणं आवरायचं."

पुढे फाइलींची नवी पद्धत आली. चित्र रेघांच्या हिशेबाने साठवलेलं, कितीही मोठं करा, फुटत नाही. पण त्या फाइलीत मजकूर चौकटीची कड बघून आपोआप खाली वळत नसे. प्रत्येक ओळ हाताने तोडावी लागे. आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला, तर तो दुसराच उचले. अक्षरांची उंची-रुंदी बदले, ओळी सरकत, आणि चौकटीबाहेर गेलेली ओळ दिसतच नसे. चूक झाली, असं मशीन सांगत नसे. म्हणून गायधनींचा नियम होता: फाइल बाहेर जाण्याआधी सगळा मजकूर कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांचंच चित्र करून टाकायचं. चित्र सरकत नाही.

मालकांना ते जाचायला लागलं. कर्व्ह केलेल्या मजकुरात प्रेसवाल्यांना काही बदलता येत नसे. ऐन फवारणीच्या दिवसांत मालक म्हणाले, "गायधनी, एका बॅच नंबरसाठी फाइल किती वेळा परत आणायची? मजकूर मोकळा ठेवा. नाहीतर मी पुण्याहून करून घेतो."

 गायधनींच्या वयाची पंचावन्न वर्षं उलटली होती, दुसरी नोकरी कोण देणार? त्यांनी मजकूर मोकळा ठेवला. फाइलीबरोबर फॉन्टची सीडी पाठवली, वर चिठ्ठी लावली. प्रेसमध्ये ती सीडी कोणी घातलीच नाही.

लेबलं छापली गेली, बाटल्यांवर चिकटली, गाडी गेली. चांदवडकडच्या एका बागेत फवारणीला आलेला पेठ तालुक्यातला मजूर दुपारी कोसळला. बागमालकाने त्याला बाटलीसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली. उतारा नव्हता. कंपनीला फोन लावला. सुट्टीचा दिवस, कोणी उचलला नाही. संध्याकाळी तो गेला. उतारा वेळेत कळता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

चौकशी झाली आणि चूक प्रेसची ठरली. मालक सुटल्यासारखे म्हणाले, "चला, आपल्यावर काही नाही."

"आपल्यावर नाही, मग कोणावर?" गायधनी म्हणाले. "जो गेला त्याच्यावर?"

ते पेठला निघाले, तेव्हा एकटं सोडवेना म्हणून मीही जीपमध्ये बसले. त्याच छपाईची एक रिकामी बाटली त्यांनी पिशवीत घेतली होती. घरात मेलेल्याचे वडील आणि बायको होती. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कंपनीचे का?"

"नाही बाबा. बाटलीवर लिहिलेलं असतं ना, ते बसवणारा मी. खाली डॉक्टरसाठी एक ओळ असते. ती आली नाही."

"आमच्यात कोणाला वाचता नाय येत, साहेब. ओळ असली काय, नसली काय."

मला वाटलं, निदान एवढा आधार तरी गायधनी घेतील. त्यांनी घेतला नाही. "ती तुमच्यासाठी नव्हती, बाबा. डॉक्टरला वाचता येत होतं."

इतका वेळ भिंतीशी बसलेली बायको पुढे आली. तिने बाटली हातात घेतली. "कुठं ऱ्हायची ती ओळ?"

गायधनींनी चौकटीच्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं. रेघेखाली कोऱ्या कागदाची पट्टी होती. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मंग जागा तर हाय की हितं."

 चौकट, कड, फॉन्ट, यातलं काहीच तिला सांगण्यासारखं नव्हतं.

परतताना घाट संपला, तेव्हा ते म्हणाले, "कुमुदताई, जागा होती हो." पंचवटीच्या कोपऱ्यावर उतरले, जीपचं दार हळू लावलं आणि भाजीबाजाराच्या गर्दीत शिरले. ऑफिसात ते पुन्हा आले नाहीत.