मराठवाड्याचा डीए कुणी कापला?

हे किस्से मला नीट आठवतात की नाही, याची खात्री नाही. कोण काय बोललं यात माझी अदलाबदल होत असेल. पण डॉस, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची जुनी पद्धत, शिकणाऱ्या नवशिक्यांना दोन शब्द सांगा म्हटलं, की गंगाखेडच्या आमच्या कॉलेजातला पहिला कॉम्प्युटर आठवतो आणि एकातून दुसरा किस्सा निघत जातो.

तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. स्टाफरूममध्ये शेजारी कोण बसलंय हे बघून माणसं बोलायची. कॉम्प्युटरच्या खोलीची चावी फिजिक्सच्या सोनकांबळे सरांकडे, कारण डॉस शिकून आलेले ते एकटेच. ते उघड नामांतरवादी. उपप्राचार्य पाटील सरांना ती चावी पहिल्या दिवसापासून खुपत होती.

*

पाटील सरांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप करून एंटर दाबलं. उत्तर आलं, ‘बॅड कमांड’.

“मला बॅड म्हणायला ह्याला कुणी शिकवलं?”

“सर, ते सगळ्यांनाच म्हणतं.”

खात्रीसाठी त्यांनी मला बसवलं. मी डॉक्टरेटसकट नाव टाकलं. मीही बॅड निघालो, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. नवशिक्यांनो, डॉसला आपलं नाव सांगू नका, काम सांगा.

*

एकदा फ्लॉपी न घालताच प्राचार्यांनी ती उघडायला सांगितली. पडद्यावर आलं, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ प्राचार्य मागे सरकले. म्हणाले, फेल कुणाला करायचंय ते आधी लेखी मागवा.

*

फायलींची यादी मागितली की ती सरसर वर निघून जायची.

“इतकं भराभर का पळवायलंय? काय लपवायलंय?” पाटील सर.

सोनकांबळे सरांनी कमांडला तिरपी रेघ आणि पी जोडला. यादी पानापानाने थांबू लागली. संशय दुप्पट झाला. “म्हंजे थांबवता येत होतं. मग आधी का न्हाई थांबवलं?”

*

माझा पाहणी अहवाल सोनकांबळे सर टाइप करत होते. दोन फायली, परभणी आणि मराठवाडा, नावं इंग्रजीत. एक दिवस पाटील सर यादी बघून तरातरा स्टाफरूममध्ये आले.

“मराठवाड्याचा डीए गेला!”

महागाई भत्ता गेला समजून सगळा स्टाफ उभा राहिला. पण गेली होती फाइलच्या नावातली शेवटची दोन अक्षरं, डी आणि ए. उरलं नुसतं ‘मराठवा’.

भत्ता शाबूत आहे म्हटल्यावर हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही.

“परभणी पुरी हाय,” पाटील सर म्हणाले. “मराठवाडाच कसा कापला गेला? आज इथं कापला, उद्या विद्यापीठाच्या पाटीवर कापतील.”

सोनकांबळे सर शांतपणे म्हणाले, “मी पूर्ण टाइप केलं होतं. का गेलं ते मलाही कळायलं नाही.”

मी म्हणालो, माझंच बोट कुठं लागलं असेल. मला तसं खरंच वाटत होतं. पाटील सर म्हणाले, “डॉक्टर, तुमी मधे पडू नका.” प्राचार्यांनी चावी काढून घेतली आणि पाटील सरांना दिली.

*

पाटील सरांनी मग दोन बोटांनी, आख्खी दुपार घालवून, सोनकांबळे सरांविरुद्ध संस्थेला तक्रार टाइप केली. फाइलला नाव दिलं सोनकांबळे, अर्थात इंग्रजीत. यादी उघडली, तर शेवटचा ई गायब.

त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. “डॉक्टर, ह्याच्यापाशी दुसरी चावी हाय. आता सोताचंच नाव कापायलाय.”

कुलूप बदललं. तक्रार पुन्हा टाइप झाली. ई पुन्हा गेला. तक्रार मात्र संस्थेत पोचली आणि त्या उन्हाळ्यात सोनकांबळे सर कॉलेज सोडून गेले.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, परभणीत एका दुरुस्तीच्या दुकानात डॉसवर चालणारं जुनं मशीन दिसलं. दुकानदाराला विचारून मी ती तिन्ही नावं टाइप करून बघितली. फाइलच्या नावाची पहिली आठ अक्षरं डॉस ठेवतं. पुढची, कुणाला न विचारता, टाकून देतं. इंग्रजीत परभणीची अक्षरं आठच आहेत.